कोरड्या मुलखातला गंज : गाडीच्या सायलेन्सरची पार्श्वभूमी

धुळे-जळगावकडची जुनी गाडी विकायला निघाली की मालक एक वाक्य हमखास ऐकवतो : "गाडी खान्देशातली आहे, गंजाचं नाव नाही." ते बहुतेक वेळा खरेही असते. समुद्राकाठच्या गाडीची दारे खालून खाल्लेली असतात, चाकांवरच्या कमानी पोखरलेल्या असतात. आपल्याकडची पंधरा वर्षांची गाडी मात्र पत्र्याने ठणठणीत निघते. मग तीच गाडी वर उचलून मागच्या सायलेन्सरवर पान्याने टकटक केली की भसकन भोक पडते आणि आतून लालसर चुरा गळतो. अमळनेरकडच्या एका मिस्त्रीच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले होते : "सायलेन्सर सडी गया भो." बाकी सगळी गाडी शाबूत असताना एवढाच भाग का सडावा, हे मला तेव्हा कळले नव्हते. त्याचे उत्तर शोधताना रसायनशास्त्रापासून इंधनाच्या सरकारी नियमांपर्यंत बराच मोठा इतिहास समोर आला.

गैरसमज असा की गंज बाहेरच्या हवेतून येतो. पत्र्याच्या बाबतीत ते बरोबर आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर पाण्याचा अदृश्य थर धरू लागतो आणि गंजाचा वेग एकदम वाढतो. इंग्लंडमधल्या व्हर्नन या संशोधकाने ही मर्यादा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दाखवून दिली होती. आपला एप्रिल-मे त्या मर्यादेच्या कितीतरी खाली असतो, म्हणून दारे-बॉनेट टिकतात. सायलेन्सरला मात्र बाहेरच्या हवेची गरजच नसते. त्याला लागणारे पाणी इंजिन स्वतः तयार करते.

आगीतून पाणी निघते हे ऐकायला विचित्र वाटते, पण ते आपण रोज स्वयंपाकघरात पाहतो. गार पाण्याने भरलेले पातेले गॅसवर ठेवले की पहिल्या मिनिटाला त्याच्या बुडाला बाहेरून दव धरते. पातेले झिरपत नसते. ते पाणी ज्योतीतून आलेले असते. हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने १७८१ च्या सुमारास प्रयोग करून दाखवले की 'ज्वलनशील हवा' जाळली की पाणी तयार होते. पुढे लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या वायूला हायड्रोजन म्हणजे 'पाणी निर्माण करणारा' हेच नाव दिले. पेट्रोल आणि डिझेल हे कार्बन-हायड्रोजनचे संयोग आहेत. त्यामुळे ते जळताना धुरासोबत वाफ निघणारच. प्रमाण ऐकून मी चकित झालो होतो : एक लिटर पेट्रोल जळाले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. घरापासून बाजारापर्यंत तीन किलोमीटर गेलात आणि थंड इंजिनाने पाव लिटर पेट्रोल घेतले, तर पेलाभर पाणी त्या नळीतून गेले.

गेले तर प्रश्न नाही. अडचण ते थांबते तेव्हा होते. पेट्रोल गाडीच्या धुरातली वाफ साधारण ५० ते ५५ अंशांच्या खाली आली की थेंब होते. इंजिनाजवळची नळी मिनिटभरात तापते, पण सगळ्यात मागचा डबा सगळ्यात शेवटी तापतो. त्याच्या आत पडदे असतात, भोकांच्या नळ्या असतात, काहींत काचेच्या लोकरीचे पॅकिंग असते. थंड पत्र्याला वाफ लागली की पाणी होऊन तळाशी साचते. गाडी पंधरा-वीस मिनिटे सलग पळाली तर डबा तापून ते पुन्हा वाफ होऊन निघून जाते. आधीच थांबली तर पाणी रात्रभर तिथेच मुक्काम करते.

खान्देशचा उन्हाळा सगळ्यांना माहीत असतो. भुसावळचा पारा ४५ च्या वर गेला की राज्यभर बातमी होते. हिवाळ्याची मात्र तेवढी चर्चा होत नाही. डिसेंबर-जानेवारीत धुळे-जळगावात किमान तापमान दहाच्या खाली येते, कधी पाच-सहापर्यंत उतरते. सातपुड्यात, अक्कलकुव्याच्या डाब भागात तर दवबिंदू गोठल्याची छायाचित्रे दरवर्षीप्रमाणे येतात. अशा पहाटे गाडी सुरू केली की मागून पांढरी वाफ आणि पाण्याचे थेंब पडतात आणि घाबरलेला मालक 'हेड गॅस्केट गेले', म्हणजे रेडिएटरचे पाणी इंजिनात शिरू न देणारी पट्टी फाटली, असे समजून गॅरेज गाठतो. इंजिन तापल्यावर वाफ थांबत असेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत नसेल, तर ते ज्वलनाचेच पाणी असते.

नुसते शुद्ध पाणी साचले असते तरी लोखंड इतक्या लवकर सडले नसते. त्यात काय विरघळते, यावर खरा खेळ आहे, आणि इथे इंधनाचा इतिहास येतो.

इंजिनाचा आवाज दाबणारा डबा जवळपास मोटारीइतकाच जुना. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या मिल्टन आणि मार्शल रीव्हज या भावांना १८९७ मध्ये अशा डब्याचे पेटंट मिळाले. पुढची कित्येक दशके हे डबे साध्या पोलादी पत्र्याचे होते. १९२० च्या दशकात पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळायला सुरुवात झाली, कारण त्याने इंजिनाचे ठोके थांबत. ते शिसे इंजिनात साचू नये म्हणून सोबत ब्रोमीन आणि क्लोरीनची संयुगे घालावी लागत. ती जळून धुरात हायड्रोब्रोमिक आणि हायड्रोक्लोरिक आम्ल जात असे. डब्यात साचलेल्या पाण्यात ही आम्ले उतरली की पत्रा आतून वितळल्यासारखा होई. शिशाच्या विषारीपणाबद्दल पुष्कळ लिहिले गेले, ते योग्यच आहे. पण अ‍ॅम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात सायलेन्सर दर दोन-चार वर्षांनी का बदलावा लागे, त्यातही शिशाबरोबर आलेल्या या आम्लांचा मोठा वाटा होता, हे फारसे सांगितले जात नाही.

डिझेलची गोष्ट वेगळी. डिझेल इंजिनात हवा जास्त जाते, त्यामुळे धुरात वाफेचे प्रमाण कमी असते. पण आपल्या डिझेलमध्ये गंधक भरपूर होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत एक टक्क्यापर्यंत मुभा होती. गंधक जळून त्याचा वायू होतो आणि पाण्यात उतरून शेवटी गंधकाम्ल. चोपडा-शिरपूर भागात माणसे टपावर घेऊन धावणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्यांचा फाटका आवाज आठवत असेल. तो आवाज अर्धा इंजिनाचा होता आणि अर्धा ठिगळ मारलेल्या सायलेन्सरचा.

धातूच्या बाजूने उत्तरे हळूहळू आली. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये क्रोमियम मिसळलेले, न गंजणारे पोलाद बनवले, पण ते सायलेन्सरसाठी फार महाग होते. मधला मार्ग म्हणजे साध्या पत्र्यावर अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा. अमेरिकेतल्या आर्मको कंपनीने तो १९३० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणला. १९६० च्या दशकात ४०९ या क्रमांकाचे स्टेनलेस आले. त्यात क्रोमियम साधारण ११ टक्केच, निकेल जवळजवळ नाही, म्हणून स्वस्त. ते खास याच कामासाठी काढलेले पोलाद आहे. लोक इथे फसतात. आपल्या मनात स्टेनलेस म्हणजे जेवणाचे ताट. ४०९ ला चुंबक चिकटतो आणि बाहेरून तांबूस डागही पडतात. तो डाग वरवरचा असतो, आतला पत्रा शाबूत असतो. 'कंपनीने साधे लोखंड दिले' ही तक्रार अनेकदा या रंगावरूनच केली जाते.

ही पोलादे सगळीकडे पोहोचली ती प्रदूषणाच्या कायद्यांमुळे. अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलांपासून कॅटालिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू निवळणारा डबा, आला. त्यातले प्लॅटिनम शिशाने मरते, म्हणून पेट्रोल शिसेमुक्त करावे लागले. आणि महागडा कन्व्हर्टर वर्षानुवर्षे टिकायचा तर त्याच्या आसपासची नळी सडून चालणार नव्हती. भारतात एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेमुक्त पेट्रोल आले. शिसे गेले, त्याबरोबर ती दोन आम्लेही गेली. बीएस म्हणजे 'भारत स्टेज' या सरकारी प्रदूषण-नियमांच्या पायऱ्यांतून झालेली गंधकाची उतरण तर थक्क करणारी आहे : बीएस-३ डिझेलमध्ये दशलक्ष भागांत ३५०, बीएस-४ मध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मध्ये फक्त १०. जुन्या एक टक्क्याच्या तुलनेत हजारपट कमी. हे नियम फुप्फुसांसाठी केले होते, पण त्यांनी नळीचेही आयुष्य वाढवले.

मग आजही सायलेन्सर का सडतात? कारण पाणी कमी झालेले नाही, आणि आपल्या सवयी त्याला साथ देतात. २०२० च्या टाळेबंदीत बॅटरी उतरू नये म्हणून मी रोज सकाळी पाच मिनिटे गाडी जागेवरच चालू ठेवत असे. माझ्यासारखे गल्लीत आणखी चार-पाच जण होते. बॅटरी तर पुरती भरत नव्हतीच, पण मागच्या डब्यात रोज नवे पाणी साचत होते आणि ते वाळण्याइतका डबा कधीच तापत नव्हता. पुढच्या वर्षी तो तळाच्या शिवणीवर फुटला. आठवड्यातून एकदा वीस किलोमीटरची फेरी मारली असती तर गाडीला तेच हवे होते. पण तेव्हा तीही परवानगी नव्हती.

दुसरी सवय जास्त दुःखाची, कारण ती चांगल्या हेतूने होते. बऱ्याच सायलेन्सरना तळाला कंपनीनेच एक बारीक छिद्र ठेवलेले असते. साचलेले पाणी तिथून ठिबकावे म्हणून. मालकाला ते गळणारे पाणी दिसते, तो वेल्डिंगवाल्याकडे जातो, आणि वेल्डिंगवाला भाऊ मनापासून ते छिद्र बुजवून देतो. पाण्याला वाट उरत नाही. वेल्डिंगचीही अडचण आहे. साध्या रॉडने टाका मारला की भोवतालचा अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा जळतो, स्टेनलेसचा संरक्षक थर बिघडतो, आणि नवा गंज टाक्याच्या कडेनेच सुरू होतो. ठिगळ तात्पुरतेच समजावे.

इथे एक गोष्ट तळमळीने सांगावीशी वाटते. मधल्या नळीला भोक पडून नुसता आवाज वाढला आहे असे समजून लोक महिनोन्‌महिने गाडी चालवतात. त्या भोकातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि गाडीच्या तळाखालून तो आत शिरू शकतो. लग्नाहून रात्री परतताना पोरेबाळे मागच्या सीटवर झोपलेली असतात, काचा बंद असतात. उभ्या गाडीत एसी लावून झोपणे तर अशा वेळी जिवावर बेतू शकते. आवाज फाटला की पहिल्याच आठवड्यात गाडी दाखवा.

आता इंधन पुन्हा बदलते आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या वेशीवरच झाली होती. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये ज्या ठिकाणी झाले, त्यांत मिरज आणि उत्तर प्रदेशातल्या बरेलीबरोबर मनमाड होते. २००३ मध्ये काही राज्यांत पाच टक्के मिश्रण आले, २०२२ मध्ये सरासरी दहा टक्के झाले आणि आता वीस टक्क्यांचे पेट्रोल आपल्या पंपांवर आहे. लिटरमागे पाहिले तर इथेनॉलचे पाणी पेट्रोलइतकेच निघते. पण त्यात उष्णता साधारण दोन-तृतीयांश असते, म्हणून तेवढ्याच अंतराला इंधन थोडे जास्त लागते आणि नळीतून पाणीही थोडे जास्त जाते. सीएनजीत ही वाढ ठळक आहे. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि मिथेनमध्ये हायड्रोजनचे प्रमाण सगळ्यात जास्त, त्यामुळे किलोमागे जवळपास सव्वादोन लिटर पाणी तयार होते. दिवसभर गावातल्या गावात फिरणाऱ्या सीएनजी रिक्षेच्या सायलेन्सरमधून हिवाळ्यात टपटप पाणी गळते ते याचमुळे.

माझ्या गाडीला आता नवा डबा आहे. त्याच्या तळाचे छिद्र मी बसवतानाच पाहून घेतले. जानेवारीत पहाटे पारोळ्याच्या बाजूने निघालो की पहिल्या चहाला थांबेपर्यंत खाली ओल दिसते. तिथून पुढे एरंडोल गाठेपर्यंत ते छिद्र कोरडे झालेले असते.