नुनो

नुनो : कापडाच्या अभिकल्पात मोठे प्रयोग करणारी टोकियोतील संस्था. जपानी भाषेत ‘नुनो’ म्हणजे कापड. जुनिची अराई (१९३२–२०१७) आणि रेइको सुदो (जन्म १९५३) यांनी ती १९८४ मध्ये सुरू केली. १९८७ मध्ये अराई बाहेर पडले आणि धुरा सुदो यांच्याकडे आली.

अराई गुन्मा प्रांतातील किर्यूचे, पिढीजात विणकर घराण्यातले. ‘पश्चिमेला निशिजिन (क्योतोतील विणकरांची पेठ), पूर्वेला किर्यू’ असे जपानी लोक म्हणतात, इतके या गावाच्या रेशमाचे नाव. किमोनोच्या पट्ट्यासाठी (ओबी) तिथे सोनेरी धागा लागे. आपल्या जरीत चपटी केलेली तार दोऱ्यावर गुंडाळतात. जपानी ‘हाकु’मध्ये मात्र हातकागदावर सोन्याचा वर्ख चिकटवून त्या कागदाच्याच दोऱ्यासारख्या बारीक पट्ट्या कापतात. पट्टी उलटू नये म्हणून निशिजिनचा विणकर बांबूच्या आकडीने एकेक पट्टी ओढून बाण्यात बसवतो. अराईंनी कागदाच्या जागी पॉलिएस्टरची पातळ फिल्म घेतली. निर्वात यंत्रात तिच्यावर ॲल्युमिनियमचा थर चढवून ती तशीच चिरली, की कागदापेक्षा चिवट, झळाळता धागा मिळतो. अशा धातूयुक्त धाग्यांवर त्यांनी ३६ पेटंट मिळवली. ॲल्युमिनियम अल्कलीत विरघळते. विणलेल्या कापडाचा काही भाग झाकून उरलेल्या भागावरचा धातू उतरवला, की चमकत्या पटाशेजारी काचेसारखा पारदर्शक पट उमटतो. हे तंत्र अराईंच्या कामातले सर्वांत सुंदर मानावे लागेल.

जॅकार्ड मागाची (ताण्याचे धागे वेगवेगळे उचलून गुंतागुंतीची नक्षी विणणाऱ्या मागाची) नक्षी संगणकावर बांधणे आणि जादा पिळाचे धागे वापरणे, हेही त्यांचे आवडते मार्ग. पिळाचा धागा मागावर ताणलेला असतो तोवर गप्प राहतो. कापड पाण्यात पडले की आक्रसतो आणि सपाट विणीला उठाव येतो. क्रेप (बारीक सुरकुत्यांचे कापड) विणणाऱ्यांना हा गुण पूर्वापार ठाऊक होता. दुपदरी विणीत एकाच थरात असा धागा घातला, तर दुसरा थर आपोआप फुगून वर येतो.

सुदो यांनी विणकामाबाहेरच्या कारखान्यांकडेही पाहिले. मोटारींच्या भागांवर धातूचा मुलामा देण्याची पद्धत त्यांनी कापडासाठी वापरली आणि पॉलिएस्टरवर क्रोम, निकेल व लोखंडाचा अतिसूक्ष्म थर चढवला. हे कापड पोलादासारखे दिसते, पण मऊ पडते. चुण्यांच्या कापडासाठी पॉलिएस्टर हाताने घड्या घालून रंगीत कागदात दाबतात. एकाच उष्णतेने रंगही चढतो आणि घडीही कायमची बसते. पिसांच्या कापडात तर दुपदरी रेशमी ऑर्गंडीच्या (पातळ, पारदर्शक कापडाच्या) खिशांत पिसे हाताने ठेवतात. त्यासाठी माग थांबवावा लागतो. यंत्राच्या वेगाशी ही तडजोड नुनोने मुद्दाम पत्करली, आणि संस्थेचे वेगळेपण इथेच दिसते.

नुनोच्या मालकीच्या गिरण्या नाहीत. विणणे, रंगवणे, घड्या घालणे ही कामे जपानभरच्या छोट्या कारखान्यांत होतात. त्यांपैकी यामागाता प्रांतातील त्सुरुओकामध्ये ‘किबिसो’चा प्रयोग झाला. रेशीमकिडा कोष विणताना सुरुवातीला सोडतो तो जाड, खरखरीत धागा म्हणजे किबिसो. तलम रेशमाच्या धंद्यात तो टाकाऊ ठरे. तो इतका राठ, की सुरुवातीला हातमागावरच विणता येई. पुढे तिथल्या कारागिरांनी तो बारीक केला आणि यंत्रमागावर चालवून दाखवला.