गव्हर्नेस मिळायची, पण शिकलेली?

१८५१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे २५ हजार गव्हर्नेस, म्हणजे घरी ठेवलेल्या शिक्षिका, नोंदल्या गेल्या. तेव्हा मुलींना घरी शिकवायला बायकांचा तुटवडा अजिबात नव्हता. पंचाईत निराळी होती. आलेल्या बाईला खरंच काय येतं, हे ओळखायचं कशावरून? बायकांना ना परीक्षा, ना पदवी. मग घराणं, बोलणंचालणं आणि आधीच्या मालकिणीचं शिफारसपत्र यांवर निवड व्हायची. फ्रेंच, पियानो आणि थोडी चित्रकला आली की भागायचं.

वडील वारले किंवा धंदा बुडाला की मध्यमवर्गातल्या मुलीला अब्रू राखून पोट भरायचा हाच काय तो मार्ग. नोकऱ्या थोड्या आणि गरजू फार, म्हणून पगार तुटपुंजा. पुढे ‘जेन एअर’ ही कादंबरी लिहिणाऱ्या शार्लट ब्राँटेला गव्हर्नेस म्हणून १८४१ साली वर्षाला २० पौंड कबूल झाले होते. कपडे धुण्याचा खर्च वजा जाता हातात १६च पडणार होते.

सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, राजाने १८६२ साली मुलांना शिकवायला बोलावलेली अ‍ॅना लिओनोवेन्स जन्माने आपल्या अहमदनगरची, फौजेतल्या सार्जंटची मुलगी. जगाला मात्र तिने वेल्समधला जन्म सांगितला. मला तिला दोष देववत नाही. कुळावरच पारख होत असेल, तर बिचारीने दुसरं काय करावं?

१८४३ साली लंडनमध्ये गव्हर्नेसेस बेनेव्हलंट इन्स्टिट्यूशन नव्याने उभी राहिली. हेतू म्हाताऱ्या, आजारी गव्हर्नेसना आधार देण्याचा. जोडीला नोकरी मिळवून देणारी नोंदणीही. तिथल्या मंडळींना लवकरच उमगलं, की लायकीचं प्रमाणपत्र द्यायचं तर आधी या बायकांना शिकवायला हवं. त्यातूनच १८४८ साली हार्ली स्ट्रीटवर क्वीन्स कॉलेज निघालं. लंडनच्याच किंग्ज कॉलेजचे प्राध्यापक तिथे शिकवत. मुलींच्या शाळांचा चेहरामोहरा बदलणाऱ्या फ्रान्सिस बस आणि डोरोथिया बील इथल्याच विद्यार्थिनी.

घरच्या शिकवणीचा कस लागला तो १८६३ साली. स्त्रीशिक्षणासाठी झटणाऱ्या एमिली डेव्हिस यांच्या खटपटीने केंब्रिज विद्यापीठाने मुलांसाठीची शालेय परीक्षा प्रयोग म्हणून मुलींना देऊ दिली. तयारीला जेमतेम काही आठवडे मिळाले. मोठ्या वयाच्या गटातल्या बहुतेक मुली अंकगणितात नापास झाल्या. पियानो-फ्रेंचच्या नादात हिशेबाकडे किती दुर्लक्ष झालं होतं, ते पहिल्यांदा कागदावर आलं. शिक्षिकांनी ते मनावर घेतलं, आणि १८६५ साली ही परीक्षा मुलींना रीतसर खुली झाली.