जेलीतलं पाणी काढायचं, पण जेली तशीच ठेवायची

मे महिन्यात फोंड्याच्या घरी चायना ग्रासची जेली केली होती. तिचा अंगठ्याएवढा तुकडा बशीत पंख्याखाली तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर बशीला नखासारखी पातळ, कडक, कडेने वळलेली चकती चिकटलेली. आत्या म्हणाली, "टाक ते." मी ठेवलं, कारण सॅम्युअल किस्लर या अमेरिकी रसायनतज्ज्ञापुढे नेमका हाच पेच होता.

जेली म्हणजे धाग्यांचं बारीक जाळं आणि त्यात अडकलेलं पाणी. पाणी उडू लागलं की छिद्राछिद्रात त्याचा पृष्ठभाग भिंतींना आत ओढतो. छिद्र २० नॅनोमीटर रुंद असेल तर ही ओढ वातावरणाच्या दाबाच्या शंभर पटीहून जास्त भरते. जाळं कोसळणारच. खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या शेतातला चिखल उन्हाळ्यात भेगाळतो तोही याच ओढीने.

ओढ पृष्ठभागामुळे आहे ना, मग पृष्ठभागच नाहीसा केला तर? बंद, भक्कम भांड्यात द्रव तापवत नेला की तो फुगून विरळ होतो, वरची वाफ दाट होत जाते, आणि एका तापमानाला दोघांत फरकच उरत नाही. मधली सीमारेषा पुसली जाते. मग हळूहळू दाब सोडला की छिद्रं रिकामी होतात आणि जाळ्याला कळतही नाही. पाण्यासाठी हा बिंदू ३७४ अंशांवर आहे, पण किस्लर यांची जेली सिलिकाची, म्हणजे वाळूतल्याच पदार्थाची होती, आणि इतकं तापलेलं पाणी सिलिकाच विरघळवतं. म्हणून किस्लर यांनी आधी जेलीतल्या पाण्याच्या जागी अल्कोहोल भरलं. मेथॅनॉलला २४० अंश आणि सुमारे ८० वातावरणं पुरतात. १९३१ साली 'नेचर'मध्ये त्यांनी हे छापलं आणि द्रवाच्या जागी हवा भरलेल्या या जेलीला नाव दिलं एरोजेल. सिलिकाच नव्हे, अ‍ॅल्युमिना, लोहाचं ऑक्साइड, अगर (म्हणजे आपला चायना ग्रासच), चक्क अंड्याचा पांढरा भागसुद्धा त्यांनी असा वाळवून पाहिला.

एरोजेल म्हटलं की उष्णतारोधक आणि अंतराळयानं एवढंच सगळीकडे वाचायला मिळतं. स्टारडस्ट यानाने २००४ मध्ये धूमकेतूची धूळ एरोजेलमध्येच पकडली, हे खरंच. पण मला किस्लर यांचं १९३४ चं काम जास्त आवडतं. तेव्हा ते इलिनॉय विद्यापीठात होते आणि सहकाऱ्यांसोबत त्यांनी थोरियम ऑक्साइडचं एरोजेल उत्प्रेरक म्हणून, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ म्हणून वापरलं: त्यावरून सेंद्रिय आम्लांची वाफ सोडायची, पलीकडे कीटोन (अ‍ॅसिटोनच्या जातीचं रसायन) मिळवायचं.

उत्प्रेरकाचं काम त्याच्या पृष्ठभागावर चालतं, आतला भरीव भाग फुकट जातो. एक ग्रॅम सिलिका एरोजेलचा आतला पृष्ठभाग ६०० ते १००० चौरस मीटर भरतो. गोव्यात प्लॉट चौरस मीटरमध्येच विकतात, त्यामुळे इथे वेगळं समजवायला नको: एवढ्याशा भुकटीत बंगला, अंगण आणि वर माडांची रांगही बसेल.

तरी हे काम मागे पडलं. किस्लर यांच्या पद्धतीत जेल बनताना तयार होणारं मीठ धुऊन काढण्यात, द्रव बदलण्यात आठवडे जात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या लियोंला तेइश्नर यांच्या प्रयोगशाळेने थेट मेथॅनॉलमध्येच जेल करायची युक्ती काढली, तेव्हा एरोजेल उत्प्रेरकांचा अभ्यास पुन्हा सुरू झाला. अडचण एकच नव्हती म्हणा. जो गुण थर्मासाला हवा तोच इथे आडवा येतो: क्रियेतून निघालेली उष्णता बाहेर पडत नाही, थर आतल्या आत तापतो. शिवाय साधं सिलिका एरोजेल पाण्यात बुडालं की पुन्हा तीच ओढ, पुन्हा तोच चुरा.

या शेवटच्या दुखण्यावर आपल्या शेजारी, घाटापलीकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. ए. व्यंकटेश्वर राव यांच्या गटाने बरंच काम केलं. सिलिकाच्या धाग्यांवर मिथाइल गट (कार्बन-हायड्रोजनचे, पाण्याला दूर ठेवणारे छोटे गट) बसवायचे, म्हणजे पाणी आत शिरतच नाही. वर एरोजेल रबरासारखं वाकतं. त्यावर थेंब टाकला तर तो गोल राहतो आणि बशी जराशी कलती केली की घरंगळतो. अगदी अळवावरचं पाणी.