कचरा डेपोच्या धुराविरुद्ध एनजीटीत अर्ज करायचाय? आधी तारखा बघा

डेपोला आग लागते, रात्रभर धूर घरात येतो, खिडक्या लावल्या तरी पोरं खोकत राहतात आणि नगरपालिकेत गेलं की "बघतो" एवढंच उत्तर मिळतं. अशा वेळी राष्ट्रीय हरित लवादाकडे म्हणजे एनजीटीकडे जाता येतं, महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ पुण्यात आहे. ज्याला त्रास होतोय तो कुणीही अर्ज करू शकतो, सोसायटी किंवा संस्थासुद्धा. वकील लावलाच पाहिजे असं नाही, स्वतः उभं राहून बाजू मांडता येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मुदत. २०१० च्या एनजीटी कायद्याच्या कलम १४ खाली वाद पहिल्यांदा उभा राहिला तेव्हापासून ६ महिन्यांत अर्ज जायला हवा, सबळ कारण असेल तर वर फार तर ६० दिवस मिळतात. त्यामुळे शेवटच्या आगीपासून मोजू असं समजून बसू नका. लोक तक्रारी करत राहतात, मग माहिती अधिकारात अर्ज टाकतात, त्याच्या उत्तरालाच ३० दिवस धरा, आणि यातच वेळ निघून जातो, फार वाईट वाटतं बघून. नुकसानभरपाई मागायची असेल तर कलम १५ खाली ५ वर्षं आहेत.

कागदपत्रांत नगरपालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे केलेल्या तक्रारींच्या प्रती लागतीलच, पण प्रत्येकीवर आवक विभागाचा शिक्का, नंबर आणि तारीख पाहिजे. माझ्या पहिल्या तक्रारीवर शिक्काच नव्हता, खिडकीवरच्या माणसाने कागद घेतला, मी घरी आलो, आणि पुढे तक्रार मिळालीच नाही म्हणाले. तेव्हा पोच हातात पडल्याशिवाय खिडकी सोडू नका. तारखेसह फोटो, डॉक्टरांचे कागद, अर्जासोबत प्रतिज्ञापत्र, आणि मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर.

भरपाई मागत नसाल तर फी १००० रुपये, मागत असाल तर रकमेच्या १ टक्का, पण किमान १००० रुपये. ऑनलाइन फायलिंगही होतं.

अर्जात एक मुद्दा नक्की टाका: उघड्यावर कचरा जाळायला एनजीटीनेच डिसेंबर २०१६ मध्ये बंदी घातलीय, साध्या जाळण्याला ५००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५००० रुपये पर्यावरण भरपाई जाळणाऱ्याने भरायची असं ठरवलंय. निकाल पटला नाही तर ९० दिवसांत सुप्रीम कोर्टात अपील.