रिकव्हरी पार्टिशन: वाचवलेल्या सीडीचा इतिहास

विंडोजच्या लॅपटॉपवर डिस्क मॅनेजमेंट उघडलं की सी ड्राइव्हच्या आजूबाजूला एक-दोन बिनअक्षरी चौकोन दिसतात. त्यातल्या एकावर ‘रिकव्हरी पार्टिशन’ लिहिलेलं असतं, म्हणजे विंडोज बिघडलं तर ते सावरायला राखून ठेवलेला डिस्कचा वेगळा कप्पा. आकार कुठे ५०० एमबी, कुठे १५ जीबी. त्यावर राइट क्लिक केलं तर मेनूत ‘हेल्प’ सोडून काही हाती लागत नाही. हा कप्पा एक्स्टर्नल ड्राइव्हवर उतरवून ठेवा, असा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातोय. सल्ला चुकीचा नाही, पण २००८ च्या लॅपटॉपला तो जसा लागू होता तसा आजच्या लॅपटॉपला होत नाही. कारण त्या चौकोनात जे असायचं ते आता तिथे नाही.

विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात नव्या पीसीच्या खोक्यात विंडोजची सीडी यायची किंवा कॉम्पॅकसारख्या कंपनीची स्वतःची रिस्टोअर सीडी. मशीन बिघडलं की सीडी घालायची, फॉरमॅट मारायचा, विषय संपला. पण ती सीडी एकाच मशीनवर चालते असं थोडंच होतं! एका घरातली सीडी अख्ख्या सोसायटीत फिरायची. २००० च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने मोठ्या उत्पादकांसाठी नियम आवळले: पूर्ण विंडोजची सुटी सीडी द्यायची नाही. एक तर त्या कंपनीच्या मशीनपुरतीच चालणारी रिकव्हरी सीडी द्या, नाहीतर मूळ इमेज, म्हणजे विंडोजची जशीच्या तशी साठवलेली प्रत, हार्ड डिस्कवरच ठेवा.

उत्पादकांना दुसरा पर्याय मनापासून आवडला. एका सीडीचा खर्च किरकोळ असतो, पण लाखो मशीन, वेगवेगळी मॉडेल्स, वेगवेगळ्या भाषा असा हिशेब मांडला की आकडा फुगतो. कारखान्यात डिस्कवर विंडोज चढवतानाच शेजारी आणखी तीन-चार जीबी चढवायला जवळपास काहीच पडत नाही. हार्ड डिस्क एव्हाना २०-४० जीबीच्या झाल्याच होत्या. जागा गेली ती गिऱ्हाइकाची.

यातली खरी अडचण त्या वेळीही उघड होती. हार्ड डिस्क मेली की विंडोज जातं आणि ते परत आणणारी इमेजही जाते. दुसरी किल्ली घरातच ठेवून दार ओढून घ्यावं, तसला प्रकार. म्हणून कंपन्यांनी एक पळवाट ठेवली. पहिल्यांदा लॅपटॉप सुरू केला की ‘रिकव्हरी डिस्क बनवून घ्या’ अशी सूचना यायची. तीन-चार कोऱ्या डीव्हीडी आपण आणायच्या, तासभर बसून आपणच बर्न करायच्या. एचपीच्या रिकव्हरी मॅनेजरमध्ये तर असा संच एकदाच बनवता यायचा. नवा लॅपटॉप घरी आलेल्या माणसाला त्या दिवशी दुसरं बरंच काही करायचं असतं. सूचना ‘नंतर’ म्हणून बंद व्हायची, ती कायमचीच.

कप्पा लपवायच्या तऱ्हा मात्र प्रत्येकाच्या वेगळ्या. आयबीएमने आपल्या थिंकपॅड लॅपटॉपमध्ये सगळ्यात कडक बंदोबस्त केला. हार्ड डिस्क आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या संवादाचे नियम ठरवणाऱ्या एटीए मानकात एक सोय होती: डिस्कलाच सांगता यायचं की तू स्वतःचा आकार खऱ्यापेक्षा कमी सांग. मग शेवटचे काही जीबी विंडोजला दिसतच नसत. फॉरमॅट करा, पार्टिशन नव्याने पाडा, त्या भागाला धक्का लागत नसे. तिथे पोहोचायला कीबोर्डवर निळं ‘अॅक्सेस आयबीएम’ बटण होतं. भक्कम व्यवस्था, पण त्या भागाची प्रत काढायची म्हटली तर नेहमीच्या साधनांना तो दिसायचाच नाही. पुढे आयबीएमही साध्या पार्टिशनवर आली.

डेलने काही वर्षं सिमँटेकच्या घोस्टचा आधार घेतला. घोस्ट हे मूळचं न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या एका छोट्या कंपनीचं, डिस्कची हुबेहूब प्रत काढणारं सॉफ्टवेअर, १९९८ मध्ये सिमँटेकने विकत घेतलेलं. डेलच्या मशीनवर सुरुवातीलाच कंट्रोल आणि एफ११ दाबलं की लपवलेल्या पार्टिशनमधली घोस्टची इमेज सी ड्राइव्हवर उलगडायची. एसरला ऑल्ट आणि एफ१०, एचपीला एफ११, असुसला एफ९, तोशिबाला शून्याची कळ दाबून धरायची, लेनोवोला कडेचं बारीकसं ‘नोवो’ बटण. दुरुस्तीवाल्यांना ही यादी तोंडपाठ असायची.

या कळांमागची गोम फार थोड्यांना ठाऊक होती. डेल आणि एसरसारख्यांच्या मशीनवर ती कळ ओळखणारा कोड डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे मास्टर बूट रेकॉर्डमध्ये बसवलेला असे. कुणी शेजारी लिनक्स टाकलं, त्याच्या ग्रबने, म्हणजे मशीन सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामने, तो सेक्टर आपल्या ताब्यात घेतला की कळ मुकी व्हायची. पार्टिशन जागच्या जागी, इमेज शाबूत, पण हाक ऐकणारं कुणी नाही. पार्टिशनच्या फाइल्स नुसत्या एक्स्टर्नल ड्राइव्हवर ओढून ठेवल्याने भागत नव्हतं ते यामुळेच. फाइल्स आल्या तरी त्यातून मशीन सुरू होत नसे. घोस्ट, अॅक्रॉनिस, तैवानहून आलेलं मोफत क्लोनझिला किंवा युनिक्सची जुनीपुराणी डीडी कमांड वापरून आख्खं पार्टिशन जसंच्या तसं उचलावं लागे. परत ठेवताना पार्टिशनचा क्रम, त्याच्या प्रकाराचा आकडा आणि तो पहिला सेक्टर, सगळं जुळवावं लागे. बऱ्याच जणांना हे कळायचं ते डिस्क बदलल्यावर.

प्रत काढायची सगळ्यात जास्त निकड निघाली ती एका वेगळ्याच कारणाने. जुन्या पद्धतीच्या पार्टिशन तक्त्यात चारच प्राथमिक पार्टिशन बसतात. विंडोज ७ चे एचपी लॅपटॉप आले तेच चारही जागा भरून: सिस्टम, सी, रिकव्हरी आणि एचपी टूल्स. शेजारी उबुंटू लिनक्स टाकायचं तर एकाचा बळी द्यायलाच हवा. सिस्टम आणि सी तर हलवता येत नाहीत, मग रिकव्हरीकडे बोट जायचं. आधी एक्स्टर्नल ड्राइव्हवर प्रत, मग डिलीट. इंजिनिअरिंगच्या होस्टेलांमधून हा उद्योग त्या काळात सर्रास चालायचा.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट होती. ‘डॉसवाला’ म्हणून हजार-दोन हजार स्वस्त मिळणारा लॅपटॉप घेणारे पुष्कळ. त्यात फ्रीडॉस नावाची साधी मोफत सिस्टम असे आणि विंडोज दुकानदार आपल्या सीडीतून टाकून देई. अशा मशीनवर कंपनीची विंडोज इमेज मुळातच नव्हती, त्यामुळे एफ११ कितीही दाबला तरी काय निघणार?

अॅपलने तोवर सिस्टमची डीव्हीडीच मोडीत काढली. जुलै २०११ मध्ये मॅकसाठी आलेलं ओएस टेन लायन प्रामुख्याने डाउनलोड करूनच घ्यायचं होतं. सोबत सुमारे ६५० एमबीचं रिकव्हरी पार्टिशन आपोआप तयार व्हायचं, पण त्यात अख्खी सिस्टम नव्हती. नुसती दुरुस्तीची हत्यारं आणि बाकीचं इंटरनेटवरून आणण्याची सोय. थोड्याच दिवसांत अॅपलने ती हत्यारं एक्स्टर्नल ड्राइव्हवर ठेवणारं छोटं साधनही मोफत दिलं. विंडोज त्याच वाटेने गेलं, फक्त चार वर्षांनी.

मधल्या विंडोज ८ ने, २०१२ मध्ये, एक चांगलं काम केलं: प्रत काढायचं साधन विंडोजमध्येच दिलं. ‘रिकव्हरी ड्राइव्ह बनवा’ उघडायचं, ‘रिकव्हरी पार्टिशन पीसीवरून ड्राइव्हवर कॉपी करा’ या चौकटीत टिक करायची, पेन ड्राइव्ह लावायचा. काम झालं की ‘आता पीसीवरचं पार्टिशन काढून जागा मोकळी करू का?’ असंही ते विचारायचं. एचपीची कळ आणि डेलची कळ यांचं कौतुक इथेच संपलं. लॅपटॉपच्या पोटावरचा, घामाने पुसला जाणारा प्रॉडक्ट कीचा स्टिकरही गेला. की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच, म्हणजे त्यावरच्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये, येऊ लागली.

एक्स्टर्नल हार्ड डिस्क वापरणाऱ्यांसाठी या साधनात आजही एक खड्डा आहे. ते आधी समोरचा ड्राइव्ह पूर्ण पुसतं. शिवाय तो फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट करतं, आणि विंडोजची तिथली मर्यादा ३२ जीबीची. म्हणजे फोटोंनी भरलेली एक टीबीची डिस्क लावली तर फोटो जातात आणि वर ३२ जीबीचाच भाग दिसतो. इशारा येतो, पण तो वाचतो कोण. या कामाला वेगळा पेन ड्राइव्हच बरा.

२०१४ मध्ये विंडोज ८.१ च्या एका अपडेटने गंमतच केली. १६ आणि ३२ जीबीच्या स्वस्त टॅबलेटांवर जागा वाचवायला विंडोज थेट रिकव्हरी पार्टिशनमधल्या दाबून ठेवलेल्या इमेजवरूनच चालवलं. तिथे रिकव्हरी काढून टाकणं म्हणजे चालू विंडोजच उडवणं.

मग २०१५ चं विंडोज १०, आणि इमेजला निरोप. रिसेट करताना विंडोज स्वतःच्याच सिस्टम फाइल्समधून नव्याने उभं राहणार, वेगळी प्रत नको. मायक्रोसॉफ्टच्या हिशेबाने यातून मशीनमागे ४ ते १२ जीबी वाचणार होते. २०२० पासून तर रिसेट करताना विंडोज इंटरनेटवरून उतरवायचा पर्यायही आला. त्यामुळे आजच्या लॅपटॉपवरचं ५०० एमबी ते एक जीबीचं पार्टिशन म्हणजे नुसता दुरुस्तीच्या पर्यायांचा निळा पडदा. त्याची घोस्ट इमेज काढून जपण्यात फारसा अर्थ नाही. रिकव्हरी ड्राइव्ह बनवताना ‘सिस्टम फाइल्सचाही बॅकअप घ्या’ ही टिक ठेवणं महत्त्वाचं, कारण त्याच टिकमुळे ड्राइव्हवर खरं विंडोज येतं.

हा एवढासा कप्पाही जानेवारी २०२४ मध्ये जगभर गाजला. बिटलॉकरला, म्हणजे विंडोजच्या डिस्क कुलूपबंद ठेवणाऱ्या सोयीला, बगल देता येईल अशी एक त्रुटी बुजवणारं अपडेट रिकव्हरी पार्टिशनमध्ये जाऊन बसणार होतं आणि असंख्य मशीनवर तिथे जागाच पुरेना. अपडेट पुन्हा पुन्हा फसायचं. मायक्रोसॉफ्टने उपाय सांगितला तो असा: कमांड प्रॉम्प्ट उघडा, सी ड्राइव्ह २५० एमबीने आकसा, जुनं रिकव्हरी पार्टिशन काढा, मोठं नवं बनवा. हे घरगुती वापरकर्त्याला सांगणं म्हणजे कमालच.

दुकानात हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकून घेणाऱ्यांच्या हातात अनेकदा ती जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये घालून परत दिली जाते. कारखान्यातून आलेलं पार्टिशन तिच्यात अजून असतं, म्हणजे एक्स्टर्नल ड्राइव्हवरची प्रत आयतीच तयार. लोक घरी येऊन पहिल्यांदा ती फॉरमॅट करतात, सिनेमे ठेवायला. नव्या मॉडेलचं यात काही बिघडत नाही. एचपी, डेल, लेनोवो आता मशीनचा सीरियल किंवा प्रॉडक्ट नंबर टाकला की त्या मशीनची इमेज पेन ड्राइव्हवर उतरवून देतात. विंडोज ७ च्या जमान्यातली मशीन मात्र या सोयींच्या आधीची, आणि त्यांची कारखान्यातली इमेज बहुतेक वेळा त्या लपवलेल्या पार्टिशनखेरीज कुठेही नसते.