स्कूबा उपकरणरचना

श्वसनवायू स्वतःबरोबर नेणाऱ्या पाणबुड्याने सिलिंडर, रेग्युलेटर (सिलिंडरातील वायूचा दाब श्वास घेण्याजोगा करणारे साधन), नळ्या, प्लावकता सांभाळणारी हवेची पिशवी आणि वजने अंगावर कशी बांधावीत, याची ठरलेली मांडणी. जॅकेट पद्धत, बॅकप्लेट व विंग (पाठीवरची ताठ पट्टी व तिला जोडलेली हवेची पिशवी), पाठीवरचे जोडसिलिंडर आणि साइडमाउंट हे तिचे मुख्य प्रकार. रचनेची निवड प्रामुख्याने दोन गोष्टींवर ठरते : डोक्यावर मोकळे पाणी आहे की छत (गुहा, बुडालेले जहाज), आणि वायू संपला किंवा अडला तर तो दुसरा कोठून मिळणार.

एमिल गान्यां व झाक-ईव्ह कूस्तो यांच्या 1943 च्या सुमाराच्या उपकरणात दोन जाड नळ्या एकाच माउथपीसला येऊन मिळत. मेलबर्नच्या टेड एल्ड्रेड यांनी 1952 च्या सुमारास एकनळी रेग्युलेटर बाजारात आणला. दाब कमी करणारा पहिला टप्पा सिलिंडरवर आणि दुसरा टप्पा तोंडाशी, अशी विभागणी रूढ झाल्यावर एकाच पहिल्या टप्प्याला आणखी एक दुसरा टप्पा (सेकंड स्टेज) जोडणे शक्य झाले. पुढील सर्व रचना या जादा सेकंड स्टेजभोवती, म्हणजे ‘ऑक्टोपस’भोवती, घडल्या आहेत.

ऑक्टोपस प्रथम कोणी वापरला याविषयी एकवाक्यता नाही. एक परंपरा 1960 च्या दशकाच्या मध्यात बहामा बेटांवर काम करणाऱ्या डेव्ह वुडवर्ड यांचे नाव सांगते. दुसरी त्याचे श्रेय फ्लॉरिडातील गुहा-पाणबुडे शेक एक्स्ली (1949–94) यांना देते. या दोन मतांत खरा विरोध दिसत नाही. वापर आधी बहामात झालेला असू शकतो. मात्र जादा सेकंड स्टेज हा नियम म्हणून रुजला तो गुहा-पाणबुड्यांमुळे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. एक्स्ली यांनी गुहेतील अपघातांचा अभ्यास करून अखंड मार्गदोर आणि वायूची तृतीयांश वाटणी (एक भाग जाण्यास, एक येण्यास, एक राखीव) हे नियम मांडले. जोडीदाराला द्यायच्या रेग्युलेटरला लांब नळी लावण्याचा प्रसारही बहुधा 1970 च्या दशकात याच वर्तुळातून झाला. सुमारे 2.1 मी. (7 फूट) लांबीचे कारण साधे आहे : अरुंद बोळातून दोघांना शेजारी शेजारी पोहता येत नाही, पुढेमागे जावे लागते. घाबरलेला जोडीदार तोंडातलाच रेग्युलेटर ओढतो, हे गृहीत धरून लांब नळीवरचा, चालू असल्याची खात्री असलेला रेग्युलेटर त्याला द्यायचा आणि गळ्यात रबरी दोरीने अडकवलेला दुसरा आपण घ्यायचा, अशी पद्धत पडली.

या मांडणीला विल्यम हॉगार्थ मेन यांच्या मधल्या नावावरून ‘हॉगार्थियन’ म्हणतात. लोंबणारे काहीही नको, गरजेपेक्षा जास्त काही नको, हे तिचे सूत्र. वुडव्हिल कार्स्ट प्लेन प्रोजेक्ट या फ्लॉरिडातील वाकुला परिसराच्या गुहा धुंडाळणाऱ्या गटात जॉर्ज आयर्विन व जॅरड जॅब्लॉन्स्की यांनी 1990 च्या दशकात तिला काटेकोर रूप दिले. ते ‘डूइंग इट राइट’ (डीआयआर) नावाने ओळखले जाते. गटातील प्रत्येकाची रचना सारखी असावी हा तिचा आग्रह. अंधारात, गाळ उठलेल्या पाण्यात जोडीदाराचा व्हॉल्व्ह हाताने शोधावा लागतो, हे लक्षात घेता तो आग्रह गुहेत पूर्णपणे सयुक्तिक आहे. उथळ, मोकळ्या समुद्रात तोच नियम सक्तीचा मानण्यास तितका आधार नाही.

पाठीवरच्या जोडसिलिंडरांना जोडणारा, दोन रेग्युलेटर बसणारा मॅनिफोल्ड जॉर्ज बेंजामिन यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. बहामातील अँड्रॉस बेटाच्या निळ्या विवरांचे ते संशोधक. एक रेग्युलेटर बिघडला तर त्याचा व्हॉल्व्ह बंद करून दुसऱ्यातून दोन्ही सिलिंडरांचा वायू घेता येतो. पण गळती मॅनिफोल्डमध्येच असेल तर सगळा वायू जातो. म्हणून पुढे मध्ये तिसरा, विलगीकरणाचा व्हॉल्व्ह आला. तो फिरवला की निदान अर्धा साठा वाचतो.

साइडमाउंटमध्ये सिलिंडर काखेखाली, शरीराच्या दोन्ही बाजूंना असतात. त्याचा उगम इंग्लंडमधील मेंडिप टेकड्यांच्या गुहांत मानतात. तिथे पाण्याने भरलेले टप्पे आखूड, बाकी वाट कोरडी आणि सरपटत जाण्याची. त्यामुळे सहज काढता येतील असे सिलिंडर कमरपट्ट्याला बांधत. फ्लॉरिडात मात्र सलग पोहायचे असल्याने शरीर आडवे, समतोल ठेवणारे हार्नेस व पिशवी विकसित झाली. ही दोन रूपे एकाच सरळ वंशावळीत बसवण्याची प्रथा आहे. ती समान गरजेतून आलेली, पण उद्देशाने वेगळी मानणे जास्त योग्य. सिलिंडर स्वतंत्र असल्याने रेग्युलेटर आलटून पालटून वापरून दोन्हींतला दाब जवळपास सारखा राखावा लागतो.

मोकळ्या पाण्यात एकच सिलिंडर पुरतो का, याचे उत्तर हिशेबाने मिळते. 11.1 लिटरच्या ॲल्युमिनियम सिलिंडरात 207 बार (1 बार म्हणजे जवळपास एका वातावरणाइतका) दाबाला सुमारे 2,200 लिटर हवा मावते. 30 मी. खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट, म्हणजे पृष्ठभागावर मिनिटाला 20 लिटर लागणाऱ्याला तिथे 80 लिटर लागतात. तिथे जोडीदाराचा वायू संपला, तर एक मिनिट सावरायला, मिनिटाला 9 मी. वेगाने वर यायला आणि 5 मी.वर तीन मिनिटे थांबायला दोघांना मिळून सुमारे 670 लिटर, म्हणजे 60 बार लागतात. घाबरल्यावर श्वास वाढतो, तो वेगळाच. ‘50 बार उरले की वर’ हा प्रचलित नियम या खोलीवर अपुरा पडतो.

वजनाचा विचारही यातच येतो. वापरलेल्या हवेचे वजन अडीच किलोच्या आसपास असते. म्हणून भरलेला ॲल्युमिनियम सिलिंडर बुडतो, रिकामा होत आला की तरंगू लागतो. पातळ वेटसूटवर (थंडीपासून राखणाऱ्या रबरी पोशाखावर) पोलादी जोडसिलिंडर घेणे धोक्याचे, कारण पिशवी फाटल्यास पोहत वर येणे कठीण होते. उच्छ्वासातील वायू शुद्ध करून पुन्हा वापरणाऱ्या रिब्रीदरची रचना हा स्वतंत्र विषय आहे.

कोकणात मालवण–तारकर्लीच्या पाण्यात प्रशिक्षकाचा हात धरून होणाऱ्या उथळ बुड्यांना एक सिलिंडर, जॅकेट व ऑक्टोपस एवढी मांडणी पुरेशी असते. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे 100 किमी.वरील आंग्रिया बँक या प्रवाळयुक्त उंचवट्याचा माथाच जवळपास 20 मी. खोल आहे, किनारा दूर असल्याने तिथे जादा वायू आणि बोटीला दिसेल असा फुगवता येणारा खूणफुगा रचनेतच धरावा लागतो.