विजेचा एक झटका आणि चिपचा तुटवडा

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा पट्ट्यातील ४०० केव्हीच्या (अतिउच्च दाबाच्या) वीजवाहिन्यांवर बिघाड झाला आणि मुंबईसह ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. वीज परतल्यावर नवी मुंबईतील रबाळे-महापे या औद्योगिक पट्ट्यातील बहुतेक यंत्रे जिथे थांबली होती तिथून पुन्हा सुरू झाली. सेमीकंडक्टरच्या, म्हणजे चिप बनवणाऱ्या, कारखान्यात मात्र तसे होत नाही. तिथे सिलिकॉनची एक चकती शेकडो टप्प्यांतून जाते आणि त्याला दोन-तीन महिने लागतात; मध्येच भट्टीचे तापमान ढळले किंवा धूळविरहित खोलीतील हवेचा प्रवाह थांबला, तर त्या वेळी प्रक्रियेत असलेला माल बाद होऊ शकतो.

जपानमधील योक्काइची येथील तोशिबा कंपनीच्या चिप कारखान्यात डिसेंबर २०१० मध्ये विजेचा दाब अवघ्या ०.०७ सेकंदासाठी घसरला, तेव्हा पुढील दोन महिन्यांच्या मालात २० टक्क्यांपर्यंत घट होईल, असे तोशिबाला जाहीर करावे लागले. त्याच ठिकाणी जून २०१९ मध्ये सुमारे १३ मिनिटे वीज गेली आणि मेमरी चिपच्या पुरवठ्याला पुन्हा मोठा फटका बसला.

हवामानाचा आघात सर्वाधिक जाणवला तो २०२१ मध्ये. फेब्रुवारीतील हिमवादळाने टेक्ससची वीजव्यवस्था कोलमडली. घरे आणि रुग्णालये यांना वीज पुरावी म्हणून तेथील ऑस्टिन शहरातील सॅमसंग, एनएक्सपी आणि इन्फिनिऑन या कंपन्यांचे चिप कारखाने बंद ठेवावे लागले. एकट्या सॅमसंगच्या सुमारे ७१ हजार चकत्यांना याची झळ बसली. तैवानमध्ये संकट नेमके उलटे होते. २०२० मध्ये एकही टायफून किनाऱ्याला धडकला नाही, ५६ वर्षांत असे प्रथमच घडले, आणि वादळांच्या पावसावर भरणारी धरणे आटली. चिपनिर्मितीला अखंड पाणी लागते, म्हणून टीएसएमसी या तिथल्या चिप कंपनीने टँकरने पाणी आणले. भातशेतीचे सिंचन मात्र सरकारने थांबवले. शेतकऱ्यांना भरपाई मिळाली, तरी उद्योगासाठी शेताचे पाणी तोडण्याचा तो निर्णय मला आजही अस्वस्थ करतो. त्यातच मे महिन्यात दोनदा वीजकपातीची वेळ आली.

करोनाकाळात आधीच ताणलेली पुरवठा साखळी या आघातांनी आणखी विस्कटली. त्या वर्षी रबाळ्यातील एका गाळ्यात मी कंट्रोल पॅनेल पाहिली होती: वायरिंग पूर्ण, पत्र्यावर रंग चढलेला, आणि आत मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे पॅनेलचे काम चालवणाऱ्या चिपची, जागा तेवढी रिकामी.

पनवेलजवळ तळोजा येथील टॉवर आणि अदानी या कंपन्यांच्या चिप प्रकल्पाला राज्य सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली; पुढे त्याची बोलणी थांबल्याचे वृत्त आले. असा प्रकल्प इथे केव्हाही आला, तरी त्याला अतिशुद्ध पाणी अखंड लागेल, आणि या पट्ट्यातील उद्योगांना पाणी देणाऱ्या बारवी धरणावर ठाणे जिल्ह्यातील अनेक शहरांचीही तहान अवलंबून आहे. त्यामुळे जमिनीच्या दराआधी पाणी आणि वीज यांचा हिशेब मांडला गेला पाहिजे.